शहाण्यांच्या बंदुका

दिवाळी अंकात बंदुकीवर लेख म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी, असे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. कोकणातल्या वाचकाला तसे वाटू नये. दिवाळीच्या आगेमागे भात कापणीला येते, रानडुकरांचे कळप शेतात उतरतात, वानरांच्या टोळ्या बागेत धुडगूस घालतात, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक घरांत खुंटीवरची बंदूक खाली येते. ही बंदूक चोरटी नव्हे. 1878 साली लॉर्ड लिटनच्या राजवटीतल्या कायद्याने हिंदी माणसाचे शस्त्र परवान्याने जखडले आणि युरोपियनाला मोकळे सोडले. तो भेद स्वतंत्र भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्याने पुसला, आणि खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याची त्यात आवर्जून सोय केली. शेतकऱ्याच्या बंदुकीशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते ती कोणाच्या हाती असू नये हे ठरवण्याच्या आपल्या रीतीशी.

कायदा सांगतो की विकल मनाच्या माणसाला परवाना देऊ नये, आणि दिलेला असल्यास तो स्थगित वा रद्द करता येईल. पण हे जिल्हादंडाधिकाऱ्यांना कळावे कसे? अर्ज आला की पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. 2016 च्या नियमांनुसार शरीर आणि मन धड असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही जोडावा लागतो. दाखला मिळतो, शिक्का बसतो, बंदूक घरी येते. परवाना पूर्वी तीन वर्षांचा असे, 2019 च्या दुरुस्तीने तो पाच वर्षांचा झाला. आता पाच वर्षांत एखाद्या घरात काय काय घडू शकते, हे वाचकांनीच आठवून पाहावे. बाग मोहोरासकट करपते, कर्ज थकते, तरणा मुलगा जातो. ज्या दिवशी दाखला दिला त्या दिवशी माणूस शहाणा होता यात शंका नाही. प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे.

यावर एक सोपा उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. रत्नागिरीत कलेक्टर कचेरी आहे, आणि एकोणिसाव्या शतकापासून मनोरुग्णालयही आहे. मग रुग्णालयाच्या दाखल-पुस्तकाची नक्कल दर महिन्याला कचेरीत पाठवा, म्हणजे झाले! अमेरिकेत असेच करतात, असा दाखलाही वर दिला जातो.

अमेरिकेत काय करतात ते नीट पाहू. ज्याला न्यायालयाने वा तशा अधिकारी मंडळाने मनोविकल ठरवले, किंवा सक्तीने मनोरुग्णालयात धाडले, त्याला बंदूक बाळगण्यास 1968 च्या कायद्याने मनाई आहे. विक्रीपूर्वी गिऱ्हाइकाचे नाव तपासणारी देशव्यापी यंत्रणा 1998 पासून सुरू झाली. पण यंत्रणेला नावे कळवायची राज्यांनी, आणि तेथेच पाणी मुरले. एप्रिल 2007 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने 32 जणांना गोळ्या घातल्या. मृतांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. या विद्यार्थ्यापासून त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका आहे असे ठरवून न्यायाधिकाऱ्याने डिसेंबर 2005 मध्ये त्याला रुग्णालयाबाहेर राहून उपचार घेण्याचा हुकूम केला होता. सक्तीने दाखल केले तरच कळवायचे, अशी त्या राज्याची समजूत असल्यामुळे तो हुकूम यंत्रणेपर्यंत पोहोचलाच नाही, आणि त्याने दोन पिस्तुले राजरोस दुकानातून घेतली. त्यानंतर राज्यांनी नोंदी पाठवाव्यात म्हणून नवा कायदा झाला.

एवढी हकिगत सांगून आपले मित्र थांबतात. उरलेली अर्धी त्यांनी वाचलेली नसते. अमेरिकेतसुद्धा जो आपल्या पायांनी रुग्णालयात जाऊन दाखल होतो, किंवा ज्याला नुसते निरीक्षणाखाली ठेवतात, त्याच्यावर ही मनाई नाही. मनाई लागते ती निवाड्याने. आणि त्याच नव्या कायद्याने, बरे झालेल्या माणसाला आपला हक्क परत मागण्याची वाट राज्यांनी ठेवावी, असाही आग्रह धरला. दाखल-पुस्तकाची नक्कल मागणारे आपले शहाणे अमेरिकेच्याही चार पावले पुढे गेले म्हणायचे!

आपल्या कायद्याची जाण तर याहून चांगली आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट बजावतो की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही. तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. पूर्वी कधी उपचार घेतले वा रुग्णालयात राहिला, एवढ्याने आज तो आजारी ठरत नाही. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हा त्याचा हक्क आहे. इतरांच्या जिवाला धोका असेल तर किंवा न्यायालयाचा हुकूम असेल तर, असे मोजके अपवाद आहेत. सरसकट यादी हा अपवाद नव्हे.

आणि यादी गेलीच तर काय होईल? ‘याला रत्नागिरीस पाठवा’ ही आपल्याकडची जुनी थट्टा आहे. त्या थट्टेला भिऊन आजही लोक भगताकडे आधी जातात, डॉक्टरकडे शेवटी. त्यात बंदूक जाण्याची भीती घाला, म्हणजे बंदूकवाला त्या फाटकात पाऊल टाकणार नाही. आजार घरात राहील, बंदूकही घरात राहील. शिवाय आपले भाऊबंद! बांधाच्या वीतभर जागेवरून तीन-तीन पिढ्या दावे चालवणाऱ्या या मुलखात, सामाईक बागेतला हिस्सेदार ‘यादीतला’ आहे हे हत्यार कोणी म्यानात ठेवील काय?

मग काहीच करू नये काय? असे म्हणणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. आपल्याकडे आत्महत्या होतात त्या बहुतेक दोराने आणि कीटकनाशकाने, बंदुकीची चिंता कशाला, असे ते विचारतात. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्याच असतात. जेथे बंदूक हाताशी असते तेथे ती वापरली जाते, आणि गोळी सुटल्यावर पश्चात्तापाला सवड उरत नाही. रानडुकरासाठी आणलेली बंदूक काळोख्या मनाच्या माणसाच्याही हाताशीच असते.

म्हणून मागणे तीन. पहिले: फौजदारी खटल्यात वा दिवाणी दाव्यात एखादा माणूस विकल मनाचा असल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला, तर तेवढाच निष्कर्ष परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक करावे. शस्त्र कायद्यात अशी सक्ती आज नाही. निकाल दप्तरात पडून राहतो आणि परवाना खुंटीवर. दुसरे: ज्याच्याविषयी कळवले त्याला नोटीस मिळावी, त्याचे म्हणणे ऐकावे, आणि बरा झाल्यावर परत येण्याची वाट असावी.

तिसरे मागणे माझ्या मते सर्वांत मोठे. घरातला माणूस बिघडत चालला हे न्यायालयाच्या कितीतरी आधी घरातल्या बाईला कळते. तो जेवत नाही, रात्री पडवीत येरझाऱ्या घालतो, बंदूक पुन्हापुन्हा पुसतो. तिने काय करावे? बंदूक उचलून पोलीस ठाण्यात न्यावी, तर बिनपरवाना माणसाला दुसऱ्याची बंदूक नेता येते ती मालकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तीही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी वा मालकाच्या वापरासाठी. नवऱ्याचा जीव वाचवायला निघालेली बाई कायद्याच्या अक्षरापुढे गुन्हेगार ठरायची! घरच्यांच्या निरोपावरून शिपायाने साध्या वेशात येऊन बंदूक न्यावी, ‘ठेव’ एवढाच शब्द लिहिलेली पावती द्यावी, आणि डॉक्टरने व घरच्यांनी सांगितले की परत करावी, अशी सोय का नसावी?

सरकारला हे अवघड नाही. निवडणूक आली की जिल्ह्याजिल्ह्यांत छाननी समिती बसते, आणि तिने ठरवलेल्या परवानाधारकांच्या बंदुका आचारसंहिता संपेपर्यंत ठाण्यात जमा होतात. कोकणातला शेतकरी कुरकुरत का होईना, रांगेत उभा राहतो आणि निकालानंतर आपली बंदूक घेऊन घरी येतो. त्याला कोणी वेडा म्हणत नाही, त्याचे नाव कोणत्या काळ्या यादीत चढत नाही. मतपेटीच्या रक्षणासाठी जी तसदी आपण बिनबोभाट घेतो, ती घरच्या माणसाच्या जिवासाठी घ्यायला लाज कसली?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्या घरांत बंदूक आहे त्या घरातल्या मंडळींनी या चार दिवसांत एकत्र बसून एवढे तरी ठरवावे: कुलूप कोठे, किल्ली कोणाकडे, आणि घरातला कोणी गप्प गप्प झाला तर ती बंदूक मालकाच्याच सहीने ठाण्यात वा परवानाधारक दुकानदाराकडे ठेवायला त्याला कोण राजी करणार. हे बोलणे सणाला अशुभ नाही. दारूच्या फटाक्यांपाशी मुलांना एकटे सोडू नका, हेही आपण दिवाळीतच सांगतो.