कॅमेरा आपल्या हातात

आमच्या जुन्या अल्बमात आई जवळपास नाहीच. तिनं वाढलेली ताटं आहेत, तिची रांगोळी आहे, ती नाही. फोटो काढणारे कायम बाबा, नाहीतर काका. "तुला नाही जमायचं, रोल फुकट जाईल" हे मी इतकं ऐकलं की मलाही ते खरं वाटू लागलं. होमाई व्यारावाला देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, पण त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले गेले!

आता मोबाइल आहे, रोल जायची भीती नाही. मग मैत्रिणींनो, शिकूया की. मला उशिरा कळलेलं सांगते. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली ताट पिवळंच दिसतं. दिवा बंद करा, ताट खिडकीशी न्या, उजेड एका बाजूनं येऊ द्या. भाकरीचा पापुद्रासुद्धा उठून दिसतो. शेळीचा, मांजराचा फोटो उभ्यानं काढला तर नुसती पाठ येते. खाली बसा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या, पडद्यावर डोळ्याच्या जागी बोट टेका. फ्लॅश नको, जनावर बिचकतं. (मारक्या म्हशीसमोर मात्र हा प्रयोग नको.)

एवढ्यातेवढ्यासाठी आपल्या अंकात जागा कशाला, असं कुणी विचारील. शेळी विकायची तर गिऱ्हाईक आता आधी फोटो मागतं. शेळी पाळलेली असते बाईनं, फोटोसाठी ती पुतण्याला हाक मारते. मग फोन त्याच्याकडेच येतो, भावही तोच ठरवतो. हे मी आमच्याच गल्लीत पाहिलंय.