किलोमीटरचा हिशेब आणि चालकाची मजुरी

जो ट्रकचालक अधिक किलोमीटर तोडतो तो अधिक कमावतो, हा समज मालवाहतुकीच्या धंद्यात खोलवर रुजलेला आहे. मालक असे म्हणतात यात नवल नाही. परंतु चालकही तसेच म्हणतात, आणि आपल्या कामगार संघटनांतील कित्येक कार्यकर्ते त्याला मान डोलावतात. म्हणून या समजाची झडती घेणे अगत्याचे आहे.

जे खरे आहे ते आधी मान्य करावे. किलोमीटरवर मजुरी ठरलेल्या चालकाने महिन्यात आठ हजारांऐवजी दहा हजार किलोमीटर गाडी हाकली, तर त्याच्या हाती जास्त रक्कम पडते. एकट्या चालकापुरते हे गणित बिनचूक आहे. तथापि मजुरीचा दर एकट्याच्या गणिताने ठरत नसतो.

कार्ल मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात (1867) या मजुरीप्रकाराला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अशा पद्धतीत कामाचा दिवस लांबवणे यातच कामगाराला आपले हित दिसू लागते, देखरेखीचा खर्च मालकाला करावा लागत नाही, आणि काही जणांची कमाई सरासरीच्या वर गेली तरी खुद्द सरासरी खाली ओढली जाते, असे त्याचे प्रतिपादन आहे. मराठीत आम्ही 'नगावर मजुरी' असा शब्द वापरतो. विणकर किंवा विडी कामगार यांना तो चपखल बसतो. पण चालकाचा 'नग' कोणता? त्याने पोचवलेला माल नव्हे. तो कापतो ते अंतर. आणि खरी मेख येथेच आहे.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचे उदाहरण घ्या. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 रोजी संपूर्ण खुला झाला. जुन्या मार्गाने हे अंतर सुमारे 800 किलोमीटर पडे. समजा, चालकाला किलोमीटरमागे 2 रुपये मिळतात; तर तोच माल, त्याच दोन शहरांदरम्यान पोचवून त्याची खेप 1600 रुपयांवरून 1402 रुपयांवर येते. वाचलेला वेळ मालकाचा आणि कमी झालेले किलोमीटर चालकाचे! यावर मालकाचे उत्तर तयार असते: वेळ वाचला, आता जास्त खेपा करा. हे उत्तर अगदीच पोकळ नाही. परंतु जास्त खेपा करायच्या तर परतीचा माल तयार हवा आणि उतरवणी वेळेवर व्हावयास हवी. या दोन्ही गोष्टी चालकाच्या हाती नाहीत.

माल वाढला तरी हाच प्रकार. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने वाहनांची कायदेशीर वजनमर्यादा वाढवली. सर्वांत मोठ्या वाहनांची 49 टनांवरून 55 टन झाली. भाडे टनावर आकारले जात असेल तर मालकाचे उत्पन्न वाढले. चालकाच्या किलोमीटरला मात्र वजन नसते.

आता थांबण्याच्या तासांकडे वळू. कारखान्याच्या फाटकाबाहेर, बंदराच्या रांगेत, गोदामाच्या अंगणात चालक तासन् तास ताटकळतो. गाडीची व मालाची जबाबदारी त्याच्यावरच असते, झोप केबिनमध्येच, आणि किलोमीटर शून्य. जेथे खेपेमागे वाटखर्चाची ठोक रक्कम देतात आणि उरेल ते चालकाचे असे ठरलेले असते, तेथे तर या ताटकळण्यात त्याच्या जेवणाचा खर्च त्याच्याच कमाईतून जातो. गेलेला वेळ तो मग रात्री रस्त्यावर भरून काढतो. शिवाय ई-वे बिलाची मुदत 1 जानेवारी 2021 पासून साधारण मालासाठी दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. त्यापूर्वी ती 100 किलोमीटरला एक दिवस होती. मुदतवाढ मिळते, हे खरे. तरीही फोनवरून तगादा लागतो तो चालकालाच.

1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 व आठवड्याला 48 तास ठरवून दिले होते आणि जादा कामाला दुप्पट दर सांगितला होता. किलोमीटरच्या मजुरीत पंधराव्या तासाचा दर पहिल्या तासाइतकाच असतो, म्हणजे हा दुप्पट दर कोणी न रद्द करताच नाहीसा झाला. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना लागू होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा उंबरठा दहावर गेला आहे. एक-दोन गाड्यांचे मालक या धंद्यात किती आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या बदलाचा अर्थ समजावून सांगणे नलगे.

अमेरिकेत हा प्रयोग अधिक उघडपणे पाहावयास मिळतो. तेथे लांब पल्ल्याच्या चालकांना सर्रास मैलावर मजुरी मिळते. 1938 च्या श्रममान कायद्यातील जादा कामाच्या दरातून आंतरराज्य मालवाहतुकीचे चालक वगळलेले आहेत. आणि 1980 मध्ये वाहतुकीवरील नियंत्रणे सैल केल्यावर संघटनेने मिळवलेले सामायिक करार दुबळे झाले. अर्थशास्त्रज्ञ मायकेल बेल्झर यांनी 2000 साली या स्थितीवर ग्रंथ लिहिला. दर कमी असला की घरखर्चाची रक्कम जुळेपर्यंत चालक चाक सोडत नाही, हे त्यांच्या अभ्यासाचे सूत्र आहे. म्हणजे जास्त मैल हे पुष्कळदा चांगल्या कमाईचे नव्हे, तर कमी दराचे लक्षण असते.

मासिक वेतन, ताटकळण्याच्या तासांची मजुरी आणि लांबच्या खेपेला दोन चालक, या मागण्या नव्या नाहीत. त्यांना पहिला विरोध अनेकदा चालकाकडूनच होतो. वेतन बांधले की एकूण रक्कम घटेल ही त्याची भीती खोटी नाही. मूळ वेतन तोकडे ठेवले तर तसेच होईल. म्हणून सभेत किलोमीटरच्या दरापासून आरंभ करू नये. फळ्यावर प्रथम कुटुंबाचा महिन्याचा खर्च लिहावा, त्याखाली 26 दिवसांचे 8 तासांप्रमाणे 208 तास लिहावेत, मग थांबण्याचे तास त्यातच धरून तासाचा दर काढावा. किलोमीटर सर्वांत शेवटी.