पिशवीवरच्या लेबलाला हात लावू नका

जालन्याच्या उद्योगांचा गळा नियमांनी आवळला आहे, असे एका विद्वान वक्त्यांनी अलीकडे आमच्याच शहरात येऊन ठणकावून सांगितले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: परवाने, निरीक्षक, नमुने, नोंदवह्या, प्रदूषणाची संमतीपत्रे यांतच कारखानदाराचा निम्मा जीव जातो. १९९१ मध्ये देशाने बेड्या तोडल्या म्हणून वाढ झाली. उरलेल्याही तोडा, म्हणजे जालना पुन्हा ‘सोने का पालना’ होईल. खराब माल विकणाऱ्याला गिऱ्हाईकच धडा शिकवते, तिथे सरकारचे काय काम? भरपूर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत बियाण्यांच्या धंद्यात उभी हयात घालवलेली माणसे होती, याचे मला खरोखर दुःख झाले.

गिऱ्हाईक धडा शिकवते, हे साबणाच्या वडीबद्दल खरे असेल. पुढच्या महिन्यात दुसरी वडी घेतली की झाले. सोयाबीनच्या पिशवीत हात घातला तर शेतकऱ्याला दाण्याचा रंग दिसतो, आकार दिसतो; उगवण दिसत नाही. ती दिसते पेरणीनंतर आठवड्याभराने. तोवर पहिल्या पावसाची ओल सरलेली असते, ट्रॅक्टरचे भाडे आणि खताचे पैसे मातीत गेलेले असतात. मग दुबार पेरणी, तीही उसनवारीवर. संकरित कापसात तर भेसळ कळायला झाडे फुला-बोंडांवर यावी लागतात. ज्याचा हंगाम गेला त्याने धडा शिकवायचा केव्हा? पुढच्या जूनमध्ये. आणि कोणाला? तेवढ्या काळात पिशवीवरचे नाव बदललेले असते. खरेदीच्या वेळी ज्या वस्तूचा गुण डोळ्यांना दिसत नाही, तिचा बाजार भरवशावर चालतो. तो भरवसा कोणीतरी लिहून द्यावा लागतो, आणि लिहिलेले खोटे निघाले तर पकडणारा कोणीतरी असावा लागतो.

वक्त्यांनी जालन्याचा इतिहास सांगितला, पण तारखा गाळून. बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली १९६४ मध्ये. सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून, आणि ते ‘पुसा सावनी’ वाण सरकारी संशोधन संस्थेतून आलेले. ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ त्याच १९६४ चा, तोही सरकारी पैशावर झालेल्या संशोधनातून निघालेला. बियाणे कायदा आला १९६६ मध्ये. म्हणजे जालन्याचा बियाणे उद्योग आणि त्याच्यावरचा कायदा एकाच दशकात जन्मले आणि बरोबरच वाढले. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तेव्हा या कायद्याला तीस वर्षे उलटून गेली होती. कायद्यामुळेच हा धंदा वाढला असा माझा दावा नाही. पण कायद्याने तो गुदमरला, असे म्हणणाऱ्याने निदान एवढे तरी सांगावे की गुदमरलेला धंदा देशभर कसा पोचला?

हा कायदा मागतो तरी काय? अधिसूचित वाणाच्या पिशवीवर उगवणशक्ती आणि शुद्धता छापा, आणि छापले तेवढे आत असू द्या. प्रमाणीकरण तर ऐच्छिकच आहे. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी, शंभरातले तीस दाणे वाया गेले तरी चालतात. संकरित बियाण्यासाठी देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये बाया एकेका फुलातले पुंकेसर काढून हाताने परागीकरण करतात. संकरित बाजरीचे प्रमाणित बियाणे घ्यायचे तर प्लॉट शेजारच्या बाजरीपासून २०० मीटर दूर ठेवावा लागतो. ही सगळी मेहनत आदिलाबादच्या नाहीतर यवतमाळच्या शेतकऱ्याला दिसत नाही. त्याच्यापर्यंत फक्त लेबल पोचते. जालन्याची पिशवी अनोळखी मुलखात खपते ती त्या लेबलावर. ते लेबल दुबळे केले तर खरी कंपनी आणि कालपरवा भाड्याच्या गोदामात उभी राहिलेली कंपनी एकाच ओळीत बसतील, आणि भाव कोण पाडणार हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

ज्याला वक्ते फास म्हणतात, त्याचा जोरही बघावा. १९६६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. दुसऱ्यांदा सापडला तर हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सोयाबीनची एक पिशवी त्या पाचशेच्या कितीतरी पट महाग आहे. २००४ मध्ये राज्यसभेत नवे बियाणे विधेयक आले, ते तिथेच अडकून राहिले. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा इतका खच पडला की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या वर्षी नियम जास्त झाले होते की कमी पडले होते? पेरलेले बी नमुन्यासाठी राखून ठेवले नाही म्हणून शेतकऱ्याची तक्रार फेटाळता येणार नाही, हे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. तोपर्यंत हाच बहाणा शेतकऱ्याच्या तोंडावर फेकला जात होता.

नियममुक्त बाजार कसा दिसतो, हे कल्पनेने रंगवायची गरज नाही. तो आपल्याकडे दर मे-जूनमध्ये भरतो. त्याला ‘चोर बीटी’ म्हणतात. तणनाशक सहन करणाऱ्या या कापसाला मान्यता नाही. त्याला पक्के बिल नाही, खरे लेबल नाही, उगवला नाही तर पंचनामा नाही. शेतकरी घेतो, कारण निंदणीचा खर्च त्याला झेपत नाही; त्याला मी दोष देणार नाही. पण हा व्यापार कोणाच्या पोटावर पाय देतो? चाचण्या करून, फायली भरून, वर्षानुवर्षे थांबलेल्याच्या. २००१ मध्ये गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस शेतात उभा सापडला, आणि जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वाणांना मान्यता मिळाली मार्च २००२ मध्ये. मान्यतेला लागणारा उशीर वाईट, हे वक्त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण उशिरावरचा उपाय म्हणजे दरवाजाच काढून टाकणे नव्हे.

हा वाद तसा जुना आहे. १९९१ चे नाव घेऊन तो दर काही वर्षांनी उकरला जातो. त्याआधी किती माल काढायचा, कोणता कारखाना कुठे काढायचा, यासाठी दिल्लीची परवानगी लागे. बहुतेक उद्योगांपुरती ती १९९१ ने काढली, आणि उत्तम केले. मालावर खोटे छापायची मुभा १९९१ ने दिलेली नाही. मधली काही वर्षे व्यवसाय सुलभतेच्या एका जागतिक क्रमवारीचा डांगोरा होता: भारत १४२ वरून ६३ वर आला, म्हणून नियम तोडले की प्रगती होते. त्या क्रमवारीत भारत म्हणजे मुंबई आणि दिल्ली. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत कोणी पाऊल टाकले नव्हते. पुढे आकडेवारीतच गैरप्रकार निघाले आणि २०२१ मध्ये ती यादी बंद झाली. तिच्यावर भाषणे ठोकणाऱ्यांपैकी कोणी ती मागे घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

जालन्याच्या पोलादाचेही तेच. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीत फॉस्फरस सहजी निघत नाही, म्हणून भंगारच निवडून घ्यावे लागते, आणि तो खर्च करणाऱ्याला संरक्षण मिळते ते सळयांवरच्या आयएस १७८६ मानकाच्या शिक्क्याने. कामगारांच्या सुरक्षेचे नियम जाचक वाटतात त्यांनी ऑगस्ट २०२४ आठवावा: आमच्याच एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन कितीतरी कामगार भाजले. आणि सरकार दूर राहावे म्हणणाऱ्यांनी २०१६ मध्ये सुरू झालेली मराठवाड्याची वीजसवलत, ड्रायपोर्ट आणि समृद्धी महामार्ग कोणाच्या पैशाने आले तेही सांगावे.

मग मला काय हवे? सगळे नियम जसेच्या तसे नकोत. कापूस बियाण्याच्या किमतीवर २०१५ पासून केंद्राने घातलेल्या बंधनाविरुद्ध कोणी भांडत असेल तर मी सोबत येईन. किंमत ठरवणे आणि गुणवत्तेची हमी घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. २०२३ मध्ये राज्याने बोगस बियाण्यांविरुद्ध विधेयके आणली तेव्हा विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली. सीलबंद पिशवीतल्या बियाण्यासाठी दुकानदाराला आरोपी का करता, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. एकच माहिती चार खात्यांना चार नमुन्यांत देणे बंद व्हावे, प्रदूषणाचे संमतीपत्र देण्याला मुदत असावी आणि ती अधिकाऱ्यावर बंधनकारक असावी.

नियमाने बाजार वाढतो याचा दाखलाही जालन्यातच आहे. रेशीम कोष विकायला आपले शेतकरी कर्नाटकात रामनगरपर्यंत जात. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोषांचा बाजार सुरू झाला: सर्वांसमोर वजन, सर्वांसमोर लिलाव. मालाने भरलेली पोती घेऊन परराज्यात रात्री काढण्याची पाळी टळली.

बियाण्यांपुरते मागणे अगदी छोटे आहे. दंड पिशवीच्या नव्हे, बुडालेल्या हंगामाच्या किमतीत मोजा, आणि तो उत्पादकाकडून वसूल करा. सोयाबीनच्या उगवण चाचणीला आठ दिवस पुरतात. मार्च-एप्रिलमध्ये गोदामांतून नमुने काढले तर मे संपायच्या आत निकाल हाती येतो. तो लॉट नंबर आणि कंपनीच्या नावासह प्रत्येक तालुका कृषी कार्यालयाच्या फळ्यावर लावा, बदनापूरला लावा, घनसावंगीला लावा, मंठ्याला लावा, आणि पेरणी होईपर्यंत तो तिथून काढू नका.