अंगठा उमटत नाही तेव्हा

मोबाईल किती जणांकडे आहे, हे मोजणं सोपं. त्याचं माणूस काय करतो, हे कळायला सोलापूरच्या पूर्व भागात जाऊन बसावं लागतं. तेंदूची पानं कातरून, तंबाखू भरून बिड्या वळता वळता बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर मग अंगठा उमटत नाही. पदराला बोट पुसून पुन्हा एकदा. ओटीपी यायचा तो मुलाच्या मोबाईलवर, आणि मुलगा टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर!

२०१६ साली आलेलं यूपीआय आज गड्ड्याच्या जत्रेतही पोचलंय, हे खरंच. पण आकडेवारीत ही झिजलेली बोटं दिसत नाहीत. तुमच्या घरातला असा अनुभव, तेलुगू-कन्नड मिसळलेल्या तुमच्या सोलापुरी मराठीतच, आम्हाला लिहून पाठवा.