कोऱ्या चित्राची गोष्ट

"एनडीएला जायचंय ना? मग सायन्सच घे. आर्ट्सवाल्यांना कोण विचारतं?"

दहावीचा निकाल लागला की हा सल्ला घरोघरी मिळतो. तो अर्धाच खरा आहे. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. लष्करासाठी मात्र कुठल्याही शाखेची बारावी चालते. खडकवासल्याच्या त्याच प्रबोधिनीतून बीए होऊनही कॅडेट बाहेर पडतात. आणि त्यांना पदवी देतं कोण, तर जेएनयू. डीपीला सैनिकाचा फोटो लावून जेएनयूला शिव्या घालणाऱ्या मंडळींनी ही माहिती जपून ठेवावी.

पण माझं भांडण माहितीच्या चुकीशी नाही, त्यामागच्या समजाशी आहे. अधिकारी म्हणजे यंत्रं चालवणारा हुशार माणूस. इतिहास, साहित्य, मानसशास्त्र हे ज्यांना मार्क कमी पडले त्यांचे विषय. मी इंजिनिअर आहे, कोड लिहून पोट भरतो. आणि इंजिनिअर म्हणूनच सांगतो, हा समज धोक्याचा आहे.

आधी परीक्षाच बघा. एनडीएची लेखी परीक्षा 900 मार्कांची. त्यात गणिताचा स्वतंत्र पेपर 300 चा. इतिहासाच्या वाट्याला सामान्य ज्ञानातले साधारण 80, तेही चार पर्यायांतून एक निवडा छापाचे. पानिपतची लढाई कोणत्या साली झाली, हे असं विचारता येतं. सोबत कोण आलं नाही, का आलं नाही, रसद कशी तुटली, हे असं विचारता येत नाही. आणि अधिकाऱ्याला आयुष्यभर उपयोगी पडणारे प्रश्न नेमके हेच.

लेखी पार झाली की एसएसबी, तीही 900 मार्कांची. तिथे एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. अशी अकरा चित्रं, आणि बारावं कोरं! म्हणजे बघा, सैन्याला अधिकारी निवडताना तुमचं इंटिग्रेशन पुरत नाही. तुम्ही माणसांकडे कसं बघता, ते त्यांना तुमच्या गोष्टीतून वाचायचं असतं. आपण काय करतो? दोन वर्षं पोरांना फॉर्म्युले घोटायला लावतो आणि शेवटच्या महिन्यात क्लासमधून तयार गोष्टी पाठ करून पाठवतो. गोष्टसुद्धा पाठ!

रेजिमेंटमध्ये गेल्यावरही तेच. मराठा लाइट इन्फंट्रीत आलेला अधिकारी केरळचा असो की पंजाबचा, त्याला जवानांची भाषा शिकावी लागते, त्यांचे सण आपले मानावे लागतात, 'छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणत पुढे व्हावं लागतं. ज्या माणसांना मरणाच्या तोंडी न्यायचं, ती कोण आहेत हे ठाऊक असायला हवं, एवढा साधा हिशोब. याला ह्युमॅनिटीज नाही तर काय म्हणायचं?

"पण आता युद्ध ड्रोनचं आहे, एआयचं आहे," हे उत्तर ठरलेलं. मग माझ्याच क्षेत्रातलं उदाहरण घेऊ. 26 सप्टेंबर 1983. सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेने क्षेपणास्त्र डागल्याचा इशारा दिला. आधी एक, मग आणखी चार. ड्युटीवर होता स्तानिस्लाव पेत्रोव. त्याने विचार केला, महायुद्ध सुरू करणारा देश पाचच क्षेपणास्त्रं का डागेल? त्याने इशारा खोटा असल्याचं वर कळवलं. तो खोटाच होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने यंत्रणा फसली होती. पेत्रोव स्वतः इंजिनिअर होता, म्हणूनच हे उदाहरण घेतलं. इंजिनिअरिंग नको असं मी म्हणतच नाही. पण त्या रात्री त्याने स्वतःला विचारलेला हा प्रश्न कोडचा नव्हता. समोरचा माणूस असं का वागेल, हा होता.

उलटं उदाहरण रॉबर्ट मॅकनमारांचं. 1961 ते 1968 अमेरिकेचे संरक्षणमंत्री. आकड्यांवर प्रचंड श्रद्धा. व्हिएतनाममध्ये शत्रूची प्रेतं मोजून युद्ध जिंकतोय की नाही ते ठरवलं जायचं. आमच्या भाषेत, डॅशबोर्ड हिरवा होता. अमेरिकेचे 58 हजारांहून जास्त सैनिक गेले, व्हिएतनामी तर लाखांनी. 1995 च्या आत्मकथनात मॅकनमारांनी अपयशाची कारणं मांडली. त्यातलं एक होतं, तिथल्या लोकांचा इतिहास, संस्कृती, राजकारण याबद्दलचं घोर अज्ञान.

आता आपल्या मातीतला माणूस. 1953 साली कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारतीय फौज गेली. तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं. थोरात स्वतः त्या जमावात गेले, बोलले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. यासाठी कुठलं ॲप लागलं नाही. समोरचा घाबरलाय की चिडलाय, हे वाचता यावं लागलं.

आणखी एक शब्द सांगतो. आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 41 नुसार वरिष्ठांची 'कायदेशीर' आज्ञा मोडणं हा गुन्हा आहे. कुठलीही आज्ञा नव्हे, कायदेशीर. म्हणजे कोणती आज्ञा कायदेशीर आणि कोणती नाही, हे पंचविशीतल्या लेफ्टनंटला कुठल्यातरी गावाच्या वेशीवर, अंधारात, एकट्याने ठरवावं लागू शकतं. त्याची तयारी कोण करून घेणार? माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत माणूस या विषयावरचा पेपर आदल्या रात्री वाचून सुटायचा. उद्या लक्ष्य सुचवणारं सॉफ्टवेअर लिहिणार आमच्यासारखेच लोक. निदान बटण दाबणाऱ्याला तरी त्या सॉफ्टवेअरला 'नाही' म्हणता यायला हवं.

म्हणून मागणी साधी आहे. एनडीएच्या परीक्षेत गणितासारखाच इतिहासाचा स्वतंत्र पेपर असावा, आणि तो लिहायचा असावा, गोल काळे करायचा नव्हे. बीटेक करणाऱ्या कॅडेटलाही साहित्य आणि मानसशास्त्र पूर्ण मार्कांचं असावं.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय आणि ज्यांच्या टेबलावर एनडीएचं गाईड आहे: गणित सोडवाच, सोडू नका. पण रोज थोडं चांगलं गद्य वाचा, लढायांच्या तारखांबरोबर कारणंही वाचा. एसएसबीच्या हॉलमध्ये बारावं चित्र कोरं येईल. त्यावर क्लासने दिलेली नव्हे, तुमची गोष्ट हवी असते.