घाटातला सेकंद
शिरूर तालुक्यातील बैलगाडा शर्यतीत घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एका वेळी एकच गाडा पळतो आणि बारीचा, म्हणजे त्या धावेचा, निकाल घड्याळ देते. हाताने दाबायच्या घड्याळात सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची चूक सहज होते. म्हणून सुरुवातीच्या आणि शेवटच्या अशा दोन्ही रेषांवर प्रकाशकिरणाचे सेन्सर बसवावेत. मात्र गाड्यापुढे घोडी धावते; किरण तिने तोडला की बैलांनी, हे कॅमेराच दाखवतो. तो शेवटच्या रेषेच्या सरळ रेषेत, स्थिर तिवईवर हवा. सेकंदाला २५ चित्रे टिपणारा कॅमेरा ०.०४ सेकंदापर्यंतचा, तर १०० टिपणारा ०.०१ सेकंदापर्यंतचा फरक दाखवतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी या शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला. त्या कायद्याच्या अटीप्रमाणे बैलांना क्रूर वागणूक दिली नाही, याचा पुरावाही हेच चित्रीकरण ठरते.