जुन्या गाडीच्या माथी ई-२०

इथेनॉलवर गाडी उत्तम चालते. ब्राझीलने १९७५ पासून ते जगाला करून दाखवलंय. त्यामुळे इथेनॉल चांगलं की वाईट, हा वाद मला घालायचाच नाही. माझा राग आहे तो पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळून, म्हणजे ई-२० आणून, इंधन आधी बदलणाऱ्या आणि गाड्यांकडे पाठ फिरवणाऱ्यांवर.

पेट्रोलचा एक भाग पुरता जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणजे टाकीत इथेनॉल वाढलं की तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. नव्या गाडीत धुराच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. त्याने खबर दिली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो आणि काम भागतं. कार्बोरेटरमध्ये हे कोण करणार? पितळी जेटचं भोक कारखान्यात पाडलं तेवढंच राहतं. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, इंजिन तापतं, पिकअप मरतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं. त्याआधीच्या बहुतेक दुचाकी कार्बोरेटरच्याच. त्या आज दूधवाल्याकडे, गवंड्याकडे, कॉलेजला जाणाऱ्या पोराकडे आहेत. त्यांनी नवी गाडी घ्यायची कशातून?

रबराचंही तसंच. साधे नायट्राइल रबराचे होज आणि ओ-रिंग इथेनॉलने फुगतात, मग कडक होऊन तडकतात. म्हणून ई-२०च्या गाडीत फ्लोरोकार्बन रबर वापरतात, टाकीचा आतला मुलामा बदलतात, पंपाचे भाग बदलतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिन नेमकं तेच आधी ओढतं. कोकणात पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हा धोका पुस्तकी नाही.

यातलं काहीच दिल्लीला नवं नव्हतं. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचं ३ ते ४ टक्के घटेल, असं छापलेलं आहे. जुन्या गाड्यांसाठी ई-१०, म्हणजे १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, उपलब्ध ठेवावं, घटलेल्या ॲव्हरेजची भरपाई म्हणून करात सवलतीचा विचार व्हावा, हेही त्यातच आहे. ई-२०चं मूळचं २०३०चं उद्दिष्ट ओढून २०२५-२६ वर आणलं. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे सुटे भाग ई-२०ला टिकणारे झाले, एप्रिल २०२५ पासून इंजिनंही त्यासाठी ट्यून होऊ लागली. आणि आज बहुतेक पंपांवर ई-२० सोडून दुसरं पेट्रोल मिळत नाही. सवलत मात्र ग्राहकापर्यंत पोचलीच नाही. लिटरमागे ऊर्जा कमी, भाव तोच. ही उघड लूट आहे. बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. त्याने माझ्या खिशातला खड्डा बुजत नाही.

ब्राझीलमध्ये पंपावर इथेनॉल वेगळं आणि मिश्रित पेट्रोल वेगळं मिळतं. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच ते घ्यावं, हा हिशेब तिथल्या साध्या ग्राहकालाही पाठ आहे. २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्या, त्याही ग्राहकाच्या निवडीवर.

इथे तोंड उघडलं की ऊस उत्पादकाला ढाल म्हणून पुढे करतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांच्या हाती इथेनॉलमुळे लवकर पैसा येतो, हे खरं आणि चांगलंच आहे. पण साखर कमी पडेल म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला याच केंद्राने एका आदेशाने बंदी घातली आणि आठवडाभरात ती सैल केली. त्या आठवड्यात शेतकऱ्याची आठवण कुणाला झाली?

प्रत्येक तालुक्यात निदान काही पंपांवर ई-१०चं नोझल ठेवा. ई-२०चा भाव त्यातल्या ऊर्जेच्या हिशेबाने लावा. जुन्या गाड्यांसाठी होज, ओ-रिंग आणि जेटचं प्रमाणित किट काढा आणि ते बसवण्याचा खर्च तेल कंपन्यांनी भरावा, गाडीमालकाने नाही.